आधी वाट कोणास? संगणक जालातील अग्रक्रमाची व्यवस्था

पावसाळ्यातील एखाद्या दिवशी मुंबईच्या उपनगरांत मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती यांची वेळ जुळून येते. अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जातो, बोरिवलीकडे दहिसर नदी फुगते, घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्त्यांना दरडीची धास्ती वाटू लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याची आठवण उपनगरवासीयांच्या मनांतून अद्याप गेलेली नाही. अशा दिवशी नागरिक १९१६ या क्रमांकावर महानगरपालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाशी संपर्क साधतात. तेथून निरोप संबंधित विभाग कार्यालयाकडे जातो. अंधेरीसाठी के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीसाठी आर मध्य, मुलुंडसाठी टी आणि घाटकोपरसाठी एन अशी ही विभाग कार्यालये आहेत.

असा निरोप देता-घेताना दूरध्वनीवरील आवाज तुटू लागला, तर त्याची किंमत केवळ गैरसोयीत मोजता येत नाही. गल्लीचे नाव अर्धवट ऐकू आले, तर मदतपथक भलत्याच ठिकाणी पोहोचण्याचा संभव असतो. आजच्या कार्यालयांत दूरध्वनी बहुधा संगणकाच्याच तारेवरून चालतो. त्यामुळे आवाज तुटण्याचे कारण पुष्कळदा दूरध्वनी यंत्रात नसून इमारतीतील संगणक जालाच्या मांडणीत असते. हे कारण नवी तार न टाकता व नवे यंत्र न घेता दूर करता येते का, याचे उत्तर अनेक ठिकाणी होकारार्थी आहे. त्यासाठी जालातील वाहतुकीस अग्रक्रम लावून द्यावा लागतो.

एकाच तारेवरील अनेक वाहतुकी

कोणत्याही मध्यम आकाराच्या कार्यालयात चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तोंडांची एक चपटी पेटी भिंतीवरील कपाटात बसविलेली आढळते. तिला स्विच म्हणतात आणि तिच्या प्रत्येक तोंडास पोर्ट असे नाव आहे. एका पोर्टास टेबलावरील संगणक, दुसऱ्यास दूरध्वनी, तिसऱ्यास प्रवेशद्वारावरील कॅमेरा आणि एखाद्या पोर्टास बाहेरच्या जगाकडे नेणारी मुख्य तार जोडलेली असते. या तारांवरून माहिती सलग वाहत नाही. तिचे लहान लहान तुकडे करून ते एकामागून एक धाडण्यात येतात. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात.

दूरध्वनीवरील बोलण्याचेही असेच तुकडे होतात. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक तुकड्यात २० मिलिसेकंदांचा आवाज असतो, म्हणजे एका बाजूकडून सेकंदास ५० पॅकेटे निघतात. वरील आवेष्टणासह या संभाषणास एका दिशेने सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट एवढीच जागा लागते. याउलट, दिवसभराच्या कागदपत्रांची नक्कल मुख्य साठ्याकडे पाठविणारा संगणक मिळेल तेवढी सर्व जागा व्यापतो. दूरध्वनीची गरज अल्प असली तरी ती वेळेची गरज आहे; संगणकाची गरज मोठी असली तरी ती थांबू शकते. अग्रक्रमाची सारी व्यवस्था या एका भेदावर उभी आहे.

रांग का लागते

शंभर मेगाबिट क्षमतेच्या दोन पोर्टांतून दोन संगणक पूर्ण वेगाने माहिती पाठवू लागले आणि बाहेर जाणारी मुख्य तारही शंभर मेगाबिटचीच असली, तर येणारा माल जाणाऱ्या मालाच्या दुप्पट होतो. स्विच शिल्लक पॅकेटे आपल्या स्मृतीत रांगेने उभी करतो. ही स्मृती मर्यादित असल्याने ती भरताच पुढे येणारी पॅकेटे टाकून देण्यात येतात.

फाइलीचे पॅकेट गहाळ झाले तर ते पुन्हा मागविता येते व काम काही क्षण उशिरा पूर्ण होते. आवाजाचे पॅकेट मात्र उशिरा आले काय किंवा आलेच नाही काय, परिणाम एकच. बोलण्याचा तो क्षण निघून गेलेला असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार बहुतेक संभाषणे सुरळीत व्हावयाची तर आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला पाहिजे.

हा अवधी किती सहज संपतो, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी क्षेत्रजालाची योजना मंजूर केली. राज्य, जिल्हा व तालुका मुख्यालये एकमेकांस जोडून माहिती, आवाज व चित्र एकाच जालावरून नेण्याची ती योजना होती आणि प्रत्येक जोडणीची किमान क्षमता सेकंदास २ मेगाबिट ठेवण्यात आली होती. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके होत. २ मेगाबिटच्या जोडणीवर १,५०० बाइटांचे एक मोठे पॅकेट बाहेर पडावयास ६ मिलिसेकंद लागतात. आवाजाच्या पॅकेटापुढे अशी २५ पॅकेटे उभी असली तर १५० मिलिसेकंद तेथेच संपले. आता जोडण्यांच्या क्षमता वाढल्या आहेत. पण दहा मेगाबिटच्या जोडणीवरही अशा शंभर पॅकेटांमागे १२० मिलिसेकंद थांबावे लागते. क्षमता वाढविल्याने रांग लहान होते, परंतु जो आधी आला तो आधी गेला हा नियम कायम राहतो. गर्दी वाढली की जुना अनुभव पुन्हा येतो.

उपनगरी रेल्वेच्या प्रवाशास हे सहज उमजावे. अंधेरी व बोरिवलीच्या दरम्यान धीम्या व जलद गाड्यांना निरनिराळे रूळ आहेत. तारेला मात्र एकच रूळ असतो. जेथे अनेक गाड्या एकाच रुळावर यावयाच्या असतात, तेथे आधी कोणती सोडावयाची हे अगोदर ठरवून ठेवावे लागते. स्विचला असे वेळापत्रक आपण दिले नाही, तर तो आलेल्या क्रमाने गाड्या सोडीत राहतो.

पॅकेटावरील खूण

स्विच आवाज ऐकत नाही किंवा चित्र पाहत नाही. आतील मजकूर काय आहे हे न उघडता त्यास पॅकेटाचा दर्जा कळावा, यासाठी आवेष्टणावर खूण करण्याची सोय आहे. अशा खुणा दोन प्रकारच्या असतात.

पहिली खूण इमारतीतील जालासाठी आहे. आयट्रिपलई या संस्थेच्या ८०२.१क्यू या मानकानुसार पॅकेटास जी चिठ्ठी जोडली जाते, तिच्यात अग्रक्रमासाठी तीन बिट राखून ठेवलेले असतात. तीन बिटांत ० ते ७ असे आठ दर्जे मावतात. या दर्जास सेवावर्ग म्हणता येईल. आज्ञांमध्ये तो सीओएस या आद्याक्षरांनी येतो. प्रघातानुसार आवाजास ५, चित्रसंवादास ४ आणि सर्वसाधारण कामास ० हा दर्जा देण्यात येतो. ६ व ७ हे दर्जे जालाच्या स्वतःच्या नियंत्रण संदेशांसाठी सोडावयाचे असतात.

दुसरी खूण इमारतीबाहेरही टिकणारी आहे. डिसेंबर १९९८ मध्ये निश्चित झालेल्या रीतीनुसार इंटरनेट पॅकेटाच्या शीर्षभागातील सहा बिट या कामी वापरले जातात. त्यांत ० ते ६३ अशा चौसष्ट संख्या मावतात. या खुणेस डीएससीपी म्हणतात आणि आवाजासाठी तिची ४६ ही संख्या सर्वत्र रूढ आहे.

विश्वास कोणावर ठेवावा

खूण कोणीही करू शकतो, ही यातील खरी अडचण आहे. टेबलावरील संगणकानेही आपल्या पॅकेटांवर ५ चा शिक्का मारून पाठविला, तर फाइलींची मोठी रास आवाजाच्या रांगेत येऊन बसेल. म्हणून प्रत्येक पोर्टाबाबत एक प्रश्न आधी विचारावा लागतो. या तोंडातून येणाऱ्या खुणेवर स्विचने विश्वास ठेवावा काय?

दूरध्वनी व दुसरा स्विच यांच्या खुणा मानाव्यात, संगणकाच्या मानू नयेत, हा सर्वसाधारण नियम होय. पुष्कळ कार्यालयांत संगणकाची तार दूरध्वनीच्या पाठीमागील पोर्टातून जाते. तेथेही दूरध्वनीची खूण मान्य करून संगणकाच्या पॅकेटांना ० हा दर्जा देता येतो. कॅमेऱ्यासारख्या साधनास स्वतः खूण करता येत नसेल, तर त्याच्या पोर्टालाच ठराविक दर्जा लावून देतात.

आज्ञांचा क्रम

ही व्यवस्था स्विचला टंकलिखित आज्ञांद्वारे सांगावयाची असते. उदाहरणासाठी सिस्को कंपनीची कॅटॅलिस्ट २९६० ही मालिका घेऊ. तिची विक्री आता बंद झाली असली तरी आज्ञांची रीत समजण्यास ती सोयीची आहे. संगणकावर या आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात. येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.

प्रथम ‘इनेबल’ व त्यानंतर ‘कॉन्फिगर टर्मिनल’ या आज्ञांनी मांडणी बदलण्याचा अधिकार घ्यावा. मग संपूर्ण स्विचसाठी दोन आज्ञा द्याव्यात :

एमएलएस क्यूओएस
एमएलएस क्यूओएस मॅप सीओएस-डीएससीपी ० ८ १६ २४ ३२ ४६ ४८ ५६

पहिल्या आज्ञेने अग्रक्रमाची व्यवस्था जागी होते. दुसरी आज्ञा आठ सेवावर्गांना अनुक्रमे आठ डीएससीपी संख्या नेमून देते. तिचे प्रयोजन असे की, मूळ मांडणीत ५ या वर्गास ४० ही संख्या दिलेली असते, तर बाहेरील यंत्रे आवाजासाठी ४६ ची वाट पाहतात. हा लहानसा फरक राहून गेला तर स्विचच्या आत सारे ठीक दिसते आणि बाहेर पडताच आवाजाचा दर्जा हरवतो.

दूरध्वनी जोडलेल्या पोर्टासाठी, समजा तो पाचवा आहे, पुढील आज्ञा लागतात :

इंटरफेस फास्टइथरनेट ०/५
स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०
स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन ११०
एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन
एमएलएस क्यूओएस ट्रस्ट सीओएस

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेले आभासी उपजाल. संगणकाची वाहतूक १० क्रमांकाच्या आणि आवाजाची ११० क्रमांकाच्या उपजालात जाते. शेवटच्या दोन आज्ञांचा अर्थ असा की, या तोंडाशी त्याच कंपनीचा दूरध्वनी आढळला तरच त्याची खूण मानावी. कोणी दूरध्वनी काढून तेथे संगणक लावला, तर विश्वास आपोआप मागे घेतला जातो.

कॅमेऱ्याच्या पोर्टावर ‘एमएलएस क्यूओएस सीओएस ३’ व ‘एमएलएस क्यूओएस सीओएस ओव्हरराइड’ या आज्ञा दिल्या की, आत येणाऱ्या प्रत्येक पॅकेटाचा दर्जा ३ ठरतो.

आता बाहेर जाणाऱ्या मुख्य तारेचे पोर्ट पाहू. तेथे तीन आज्ञा पुरतात :

एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी
प्रायॉरिटी-क्यू आउट
एसआरआर-क्यू बँडविड्थ शेअर १ ५० २५ २५

या मालिकेत प्रत्येक पोर्टास बाहेर जाणाऱ्या चार रांगा असतात. मूळ मांडणीनुसार ५ दर्जाचा आवाज पहिल्या रांगेत, ० व १ हे दर्जे दुसऱ्या रांगेत, २ व ३ तिसऱ्या रांगेत आणि ४, ६ व ७ चौथ्या रांगेत जातात. ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’ म्हटले की पहिली रांग रिकामी होईपर्यंत अन्य रांगांना थांबावे लागते. तिच्यासाठी लिहिलेला १ हा आकडा मग विचारात घेतला जात नाही. उरलेली क्षमता शेष तीन रांगांत ५०, २५ व २५ या प्रमाणात वाटली जाते. एखादी रांग रिकामी असली तर तिचा वाटा इतरांना मिळतो, वाया जात नाही.

अर्धवट कामाचा धोका

आज्ञा थोड्या आहेत, म्हणून काम सोपे आहे असे समजणे चुकीचे ठरेल. या मालिकेत ‘एमएलएस क्यूओएस’ ही पहिली आज्ञा दिलेली नसते, तोवर स्विच कोणत्याही खुणेस हात लावीत नाही. पॅकेट जसे आले तसे पुढे जाते. ती आज्ञा देताच प्रत्येक पोर्ट अविश्वासू ठरते आणि आलेल्या सर्व खुणा पुसून ० केल्या जातात. म्हणजे पहिली आज्ञा देऊन पुढील आज्ञा उद्यावर टाकल्या, तर दूरध्वनीने केलेली ४६ ची खूणही नाहीशी होते आणि पुढील यंत्रांना आवाज व फाइल यांतील भेद कळत नाही. न केलेल्या कामापेक्षा अर्धे केलेले काम येथे अधिक अपायकारक ठरते. म्हणून सर्व पोर्टांची यादी आधी कागदावर तयार करावी आणि कार्यालय बंद असताना एकाच बैठकीत काम पूर्ण करावे.

त्याच कंपनीच्या नव्या पिढीच्या स्विचांत रीत उलटी आहे. तेथे पोर्ट मुळातच विश्वासू असते आणि बंधने वर्ग व धोरण लिहून घालावी लागतात. अन्य उत्पादकांच्या आज्ञांचे शब्दही वेगळे असतात. यास्तव एका यंत्राच्या आज्ञा दुसऱ्यावर जशाच्या तशा उतरवू नयेत. खूण, विश्वास व रांग या तीन कल्पना मात्र सर्वत्र समान आहेत.

रांग जेथे, उपाय तेथे

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. स्विचपासून मार्गदर्शक यंत्रापर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत, तार शंभर मेगाबिटची असेल आणि तेथून बाहेर जाणारी जोडणी दहा मेगाबिटचीच असेल, तर रांग स्विचमध्ये लागत नाही. ती राउटरमध्ये लागते. स्विचवर कितीही काळजीपूर्वक रांगा मांडल्या तरी अशा वेळी त्यांचा उपयोग खूण शाबूत ठेवण्यापुरताच होतो. ती खूण पाहून पुढील निवड राउटरला करावी लागते, आणि तेथेही तशीच मांडणी असावी लागते. साखळीतील एक कडी निसटली तर बाकीच्या कड्यांचे श्रम व्यर्थ जातात.

बाहेरच्या खुल्या इंटरनेटवर मात्र या खुणा मानल्या जातील अशी अपेक्षा बाळगता येत नाही. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०१७ मधील शिफारशी केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या. त्यांनुसार इंटरनेट सेवा पुरविणाऱ्यांनी मजकुरा-मजकुरांत भेदभाव करावयाचा नाही. आपल्या इमारतीत कोणास आधी वाट द्यावी हा त्या संस्थेचा स्वतःचा प्रश्न आहे. सार्वजनिक मार्गावर तसे करण्याचा अधिकार सेवादात्यास नाही.

पडताळणी

मांडणी झाल्यावर ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस फास्टइथरनेट ०/५’ ही आज्ञा देऊन त्या पोर्टावर कोणता विश्वास लागू आहे ते पाहावे. याच आज्ञेच्या शेवटी ‘स्टॅटिस्टिक्स’ हा शब्द जोडला की कोणत्या दर्जाची किती पॅकेटे आली व गेली, तसेच कोणत्या रांगेतील किती टाकून दिली गेली, याचे आकडे मिळतात. आवाजाच्या रांगेतील पॅकेटे टाकली जात असतील तर मांडणीत कोठेतरी दोष आहे असे समजावे. शेवटी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ या आज्ञेने सर्व बदल कायम स्मृतीत साठवावेत. ते विसरले तर वीज गेल्याबरोबर सारी व्यवस्था पुसली जाते, आणि वीज जाण्याचा संभव नेमका त्या मुसळधार पावसाच्या दिवशीच अधिक असतो.

यादी कोणी करावी

अग्रक्रमाने तारेची क्षमता एका बिटानेही वाढत नाही. ज्यास आधी वाट दिली त्याच्यासाठी दुसरा कोणी थांबतो. दहा दूरध्वनी एकाच वेळी चालू असले तरी शंभर मेगाबिटच्या तारेपैकी एक मेगाबिटही त्यांना लागत नाही. म्हणूनच त्यांना पुढे सोडल्याने इतरांचे काही बिघडत नाही. परंतु प्रत्येकी चार मेगाबिट घेणारे वीस कॅमेरेही त्याच रांगेत बसविले, तर ऐंशी मेगाबिट तेथेच खर्ची पडतील आणि खिडकीवर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या नागरिकाचे काम अडेल. सर्वांनाच अग्रक्रम दिला तर तो कोणालाच दिला नाही असे होते.

यास्तव पहिल्या रांगेत कोण बसेल, हा निर्णय तंत्रज्ञावर सोडून चालणार नाही. वरिष्ठांच्या दालनातील संगणक केवळ दालनामुळे त्या रांगेत जाता कामा नये. कार्यालयप्रमुख, आपत्तीविषयक काम पाहणारे अधिकारी आणि तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून यादी लेखी ठरवावी, ती पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तपासावी आणि पोर्टांच्या नकाशासह कपाटाच्या दाराला लावून ठेवावी. तंत्रज्ञ बदलला तरी तो कागद पाहून नव्या माणसास काम पुढे नेता येईल.

अशी तयारी झालेल्या कार्यालयात पावसाच्या दिवशीही फाइलींची ये-जा चालू राहील, कॅमेरे चित्रे पाठवीत राहतील. ती थोडी सावकाश जातील एवढेच. घाटकोपरच्या टेकडीवरून आलेल्या हाकेतील गल्लीचे नाव मात्र पलीकडच्या कर्मचाऱ्यास पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू येईल.